गल्ला आणि नफा

दिवाळीत कराडला आत्याकडे गेलो होतो. भाऊबीज झाली, फराळ झाला आणि मग दरवर्षीप्रमाणे दादाच्या दुकानात जाऊन बसलो. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ. कराडात त्याचं मोबाईलचं दुकान आहे, २००७ पासून. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना रिचार्जची कार्डं देणं हा माझ्या आयुष्यातला पहिला जॉब. पगार रोज एक कुल्फी. (आजच्या पगारापेक्षा त्यात समाधान जास्त होतं, पण ते असो.)

तर यावेळी गर्दी जरा पांगल्यावर दादाने ड्रॉवरमधून एक फाईल काढली आणि माझ्यापुढे टाकली.

"तू इंजिनेर माणूस. बघ आणि सांग काय ते."

एका मोठ्या कंपनीची ऑफर होती. स्टँडजवळ दुसरं दुकान काढायचं, वर फक्त त्यांचाच बोर्ड, आत फक्त त्यांचेच फोन. फर्निचरचा अर्धा खर्च कंपनीचा. बदल्यात महिन्याला अडीचशे फोनचं टार्गेट. फोनमागे मार्जिन दोन-तीन टक्के, आणि टार्गेट पूर्ण झालं तर वर स्कीमचे पैसे. दादाला सहा लाख कमी पडत होते. त्यातले तीन त्याला माझ्याकडून हवे होते.

"कराडात चारातला एक फोन माझ्याकडनं जाईल बघ," तो म्हणाला. डोळे नुसते चमकत होते.

वहिनी काउंटरच्या पलीकडे एका पोराच्या फोनला टेम्पर्ड ग्लास लावत होती. मान वर न करता म्हणाली, "राहणार किती, ते विचार त्यांना. जाणार किती ते नको सांगू."

झालं! मार्केट शेअर महत्त्वाचा की नफा, हा वाद आम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये चहाबरोबर कितीतरी वेळा घातलाय. अर्धी टीम आयफोनवाली, अर्धी अँड्रॉइडवाली. तिथे हरलं काय नि जिंकलं काय, चहाचे पैसे तेवढे जातात. इथे माझे तीन लाख होते, फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेले. आणि 'नाही' म्हणणंही सोपं नव्हतं. का, ते पुढे सांगतो.

परतताना एस्टी खंबाटकीच्या बोगद्याआधी तासभर अडकली. तेवढ्या वेळात डोक्यात जो हिशेब मांडला तो हा असा.

सुरुवात नोकियापासूनच करायला हवी, कारण दादाचं दुकान उभं राहिलं तेच नोकियावर. ११०० नावाचा तो टॉर्चवाला फोन आठवतोय ना? २००३ साली आला आणि जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. २००७ साली नोकियाने ४३ कोटींहून जास्त फोन विकले. जगातल्या दर दहा फोनपैकी जवळजवळ चार त्यांचे. आणि हे काही तोट्यात चाललं नव्हतं बरं का, त्या वर्षीचा त्यांचा ऑपरेटिंग नफा आठ अब्ज युरोच्या घरात होता. म्हणजे शेअरही होता आणि नफाही. त्याच वर्षी जूनमध्ये आयफोन बाजारात आला. स्टीव्ह जॉब्जने मागितलं किती? २००८ अखेर जगाच्या बाजाराचा फक्त एक टक्का! मायक्रोसॉफ्टचा स्टीव्ह बामर त्यावर हसला होता. या फोनला नाव घेण्याजोगा मार्केट शेअर मिळणं शक्य नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

आता पुढची गंमत बघा. २००९ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत नोकियाने साधारण १०.८ कोटी फोन विकले आणि अ‍ॅपलने ७४ लाख. म्हणजे नोकियाचे चौदा फोन जात होते तेव्हा अ‍ॅपलचा एक. पण स्ट्रॅटेजी अ‍ॅनालिटिक्स या संस्थेच्या अंदाजानुसार त्या तिमाहीत फोनच्या धंद्यातून अ‍ॅपलला १.६ अब्ज डॉलर ऑपरेटिंग नफा झाला आणि नोकियाला १.१ अब्ज. गल्ल्यावर गर्दी एकाच्या, पैसे दुसऱ्याच्या खिशात.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला, २०१४ मध्ये फोनचा धंदाच त्यांच्या हवाली केला, आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले. चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला.

म्हणजे नफा जिंकला, मार्केट शेअर हरला? मीही इथपर्यंत येऊन थांबायचो. कँटीनमधले आयफोनवाले तर इथेच टाळ्या घेतात. पण मग ब्लॅकबेरीचं काय? फेब्रुवारी २०११ ला संपलेल्या वर्षात त्या कंपनीची विक्री जवळपास वीस अब्ज डॉलर होती आणि निव्वळ नफा ३.४ अब्ज. त्यांच्या इतिहासातलं सगळ्यात चांगलं वर्ष. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी वर्षाला जवळजवळ सहा अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. नुसता नफा बघून ज्याने २०११ मध्ये पैसे लावले असतील त्याला विचारा! त्या वेळी नफ्याचा आकडा ठणठणीत होता, पण अमेरिकेतला त्यांचा शेअर घसरायला लागला होता. खरी बातमी तिथे होती.

मग शेअर कशासाठी लागतो? माझ्या मते तीन गोष्टींसाठी. एक, माल जास्त घेतला की सुटे भाग स्वस्त पडतात. दोन, दुकानातल्या शेल्फवर जागा मिळते. आणि तीन, जी आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सगळ्यात जवळची, ती म्हणजे लोक तुमच्यासाठी अ‍ॅप लिहितात. विंडोज फोन दिसायला काय वाईट होता? पण फोन कमी म्हणून अ‍ॅप नाहीत, अ‍ॅप नाहीत म्हणून फोन खपत नाहीत. त्या चक्रातून तो कधी बाहेर आलाच नाही. नव्वदच्या दशकात विंडोजने मॅकचं असंच केलं होतं. १९९७ मध्ये अ‍ॅपलवर मायक्रोसॉफ्टकडून पंधरा कोटी डॉलरची गुंतवणूक घ्यायची वेळ आली होती. त्यामुळे अँड्रॉइड आल्यावर आयफोनचंही तेच होणार असं भल्याभल्यांना वाटत होतं.

तसं झालं नाही. कारण मला वाटतं असं आहे: अँड्रॉइडच्या शेअरमधला हा जो तिसरा फायदा आहे ना, तो फोन बनवणाऱ्याला मिळतच नाही. तो गूगलला मिळतो. अ‍ॅप अँड्रॉइडसाठी लिहिलं जातं, अमुक एका कंपनीच्या फोनसाठी नाही. त्यामुळे गिऱ्हाईक आज हा फोन, दोन वर्षांनी तो फोन असं बिनदिक्कत करतं. त्याचे फोटो, नंबर, अ‍ॅप सगळं गूगल अकाउंटबरोबर नव्या फोनमध्ये येतं. फोन बनवणाऱ्याने झगडून मिळवलेला शेअर हा भाड्याच्या खोलीसारखा. पुढच्या वर्षी मालक बदलू शकतो.

आपल्याकडचंच बघा. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेच्या मोजणीत मायक्रोमॅक्सने सॅमसंगला मागे टाकलं होतं, २२ टक्के विरुद्ध २० टक्के. (सॅमसंगला ती मोजणी मान्य नव्हती, तो भाग वेगळा.) तीन वर्षांत, २०१७ संपता संपता, पहिल्या नंबरावर शाओमी आली. २०२२ च्या शेवटी तिथे पुन्हा सॅमसंग. २०२४ मध्ये व्हिवो. संगीत खुर्चीच जणू! या सगळ्या काळात अ‍ॅपलने भारतात विकलेले फोन संख्येने दहा टक्क्यांच्या आतच राहिले, पण २०२४ पर्यंत रुपयांत मोजलं तर ते पहिल्या दोघांत जाऊन बसले होते. आणि जगभरात फोन बनवणाऱ्यांचा एकत्र नफा काढला तर वर्षानुवर्षं त्याचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा एकट्या अ‍ॅपलकडे जातो, असे अंदाज आहेत. याउलट एलजी. टीव्ही, फ्रीजमधली एवढी मोठी कंपनी, पण फोनमध्ये सलग २३ तिमाही तोटा सोसून, साडेचार अब्ज डॉलर घालवून, एप्रिल २०२१ मध्ये तिने धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

शाओमीने मात्र हे ओळखूनच खेळ मांडलेला दिसतो. २०१८ मध्ये लेई जून यांनी जाहीरच केलं की हार्डवेअरवर पाच टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा आम्ही घेणार नाही. ऐकायला दानधर्म वाटतो, पण तसं नाही. फोन स्वस्तात द्यायचा आणि नंतर त्यातल्या जाहिराती, इंटरनेट सेवा, घरातल्या इतर वस्तू यांवर कमवायचं. अ‍ॅपलही शेवटी त्याच गावाला पोचलं, फक्त वरच्या रस्त्याने. २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यांना नुसत्या सेवांमधून ९६ अब्ज डॉलर आले. आणि आयफोनमध्ये सर्च आपलाच राहावा म्हणून गूगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ मध्ये वीस अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं.

म्हणजे शेअर की नफा हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. दोन्ही आकडे कालचे. विचारायचं ते हे की गिऱ्हाईक पुढच्या वेळी परत कुणाकडे येणार, आणि आल्यावर ते तुमच्याकडून आणखी काय घेणार?

आता 'नाही' म्हणणं सोपं का नव्हतं ते.

२०१४ च्या दिवाळीत दादाने एका कंपनीची अशीच स्कीम घेतली होती. तीनशे फोनचं टार्गेट होतं. दुकानाबाहेर रांग, गल्ल्यात नोटा मावेनात. टार्गेटसाठी शेवटचे ऐंशी फोन त्याने उचलून ठेवले आणि पंधरा दिवसांत कंपनीने किंमत दीड हजाराने उतरवली. फरकाची क्रेडिट नोट येणार, येणार म्हणता म्हणता कधी आलीच नाही. २०१५ मध्ये माझी इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन झाली. फीला बाबांना चाळीस हजार कमी पडत होते. ते दादाने आणून दिले. आम्हाला वाटलं, गेल्या दिवाळीत चांगला धंदा झालाय. ते त्याने पतपेढीतून उचलून दिले होते हे मला चार वर्षांनी, तेही वहिनीकडून कळलं.

त्यामुळे तीन लाख बुडतील ही भीती नव्हती. बुडाले असते तरी मला बोलायला तोंड नव्हतं. भीती होती ती त्याच्या सहा लाखांची.

पुण्याला पोचल्यावर त्याला फोन केला. म्हटलं, "दादा, एक काम कर. दोन वर्षांची बिलबुकं काढ. त्या कंपनीचा फोन नेलेलं गिऱ्हाईक परत फोन घ्यायला आलं तेव्हा त्याने काय नेलं ते बघ."

चार दिवस काहीच उत्तर नाही. मला वाटलं रागावला. पाचव्या दिवशी रात्री फोन आला.

"बावन्न जणं परत आली. त्यातल्या अकरा जणांनी परत त्या कंपनीचा नेला. बाकीच्यांनी दुसरा कुठलातरी." मग थोडं थांबून म्हणाला, "पण लेका, बावन्नच्या बावन्न आली माझ्याकडंच की."

मी काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

"म्हंजे गिऱ्हाईक माझं आणि बोर्ड त्यांचा," तोच पुढे म्हणाला. मागून वहिनीचा आवाज आला, "ग्लास आणि कव्हरचा हिशेब पण सांग त्याला." तो तिने स्वतःच सांगितला. फोन विकून दुकानाला जे राहतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट ग्लास, कव्हर, चार्जर आणि रिपेअरिंगमधून राहतं. म्हणजे जे अ‍ॅपलला आणि शाओमीला कळलंय ते आमच्या वहिनीला त्यांच्या आधीपासून कळलेलं होतं, फक्त तिने प्रेझेंटेशन केलं नव्हतं :-)

दादाने ऑफर नाकारली. मी दीड लाख पाठवले. त्यातून रिपेअरिंगचं टेबल मोठं झालं, मायक्रोस्कोप आला, एक शिकाऊ पोरगा ठेवला. स्टँडजवळच्या त्या जागेत आता दुसऱ्या कुणीतरी तोच बोर्ड लावलाय. संध्याकाळी तिथे गर्दी असते असं दादा सांगतो आणि सांगताना जरा गप्प होतो. चाळिशीतल्या माणसाचं दुसऱ्या दुकानाचं स्वप्न मी एका बिलबुकाने मोडलं की काय, असं कधीकधी मनात येतं.

मग परवा त्याने फोटो पाठवला. काउंटरवर उघडलेले सात-आठ फोन, वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि कोपऱ्यात एक जुना नोकिया ११००. खाली लिहिलं होतं, "एक म्हातारबा घेऊन आलेत. बॅटरी पायजे म्हणतात. शोधतोय."