मचूळ पाण्याचं देणं

बालाघाटची आमची वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते, हे शाळेत घोकलं होतं. पण नदी समुद्राला मिळते तिथे मचूळ पाण्याचा एक पट्टा असतो आणि त्या पाण्यात वेगळीच शेवाळं नांदतात, हे गोव्याला शिकायला जाईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं.

आमच्या बाईंनी मला मांडवीच्या चिखलात उतरवलं. दगडांवर हिरव्या नळ्यांचे झुपके होते. पानासारखी पसरते ती अल्वा, नळीसारखी वाढते ती एंटेरोमॉर्फा, असं पुस्तकात होतं. वहीत तसंच उतरवलं. पाठांतराच्याच बळावर तिथवर पोहोचलो होतो. बाईंनी विचारलं, "पाणी किती खारट होतं, ते कुठे लिहिलंस?" मला संबंधच कळेना. पावसाळ्यात खाडी जवळजवळ गोडी होते, उन्हाळ्यात मुखापाशी समुद्राइतकी खारट. या शेवाळाचं रूप पाण्याप्रमाणे बदलतं. सोबतच्या जिवाणूंवाचून तर त्याला धड आकारही येत नाही. हे सगळं त्यांनी न कंटाळता समजावलं.

२००३ साली डीएनएच्या अभ्यासातून अल्वा आणि एंटेरोमॉर्फा एकाच प्रजातीतल्या ठरल्या. लिनियसने १७५३ मध्ये त्यांना अल्वातच ठेवलं होतं. मी हिरमुसलो, बाई मात्र खूश.

पुढे शोधप्रबंध सोडून गावी परतायच्या बेतात होतो, तेव्हा त्यांनी बॉस्ट्रिकियावरचे लेख हाती ठेवले. खारफुटीच्या मुळांवरचं हे काळपट शेवाळ. झुकारेलो आणि वेस्ट या संशोधकांनी देशोदेशीचे नमुने वाढवून त्यांचा संकर करून पाहिला. दिसायला एकसारखी, पण कित्येकांचं आपसात जुळेचना. बाल्टिक समुद्रातल्या फ्यूकस या शेवाळाची तऱ्हा उलटी. एकाच मादीचे तुकडे रुजत रुजत स्वीडनच्या किनाऱ्यावर शेकडो किलोमीटर पसरलेले. नकाशावर पसारा केवढा, आणि आत वैविध्य नावापुरतं! घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात पोवारी अशात वाढलेल्या मला, दिसण्या-बोलण्यावरून कूळ ठरवू नये, हे खरं तर आधीच उमगायला हवं होतं. त्या लेखांनी मला थांबवून धरलं.

आता बालाघाटला शिकवतो. मुलं वैनगंगेतलं शेवाळ आणतात, बहुधा स्पायरोगायरा नाहीतर क्लॅडोफोरा. एका मुलीने विचारलं, अल्वा गोड्या पाण्यात राहतच नाही का? जपानच्या रयुक्यू बेटांवरची अल्वा लिम्नेटिका राहते, हे सांगता आलं तेही बाईंच्याच पुण्याईनं.

त्या मुलीला गोव्याला जायचंय. अर्ज भरून झालाय, राहण्याच्या खर्चाची जुळवाजुळव चालू आहे. माझ्या पहिल्या वर्षीच्या खोलीचं भाडं बाईंनी भरलं होतं. नोकरी लागल्यावर ते परत करायला गेलो, तर त्यांनी पाकीट उघडूनसुद्धा पाहिलं नाही.