परदेशींचीं करवंदें

घरांत वडील माणूस आलें म्हणजे त्यास कामाला हात लावूं न देणें हीच सेवा, असें आम्ही फार दिवस समजत होतों. तो समज एका आंबट फळानें घालविला.

अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत आमचें बिऱ्हाड आहे. मामंजी निवर्तल्यावर सासूबाई रत्नागिरीहून आमच्याकडे आल्या. येथें ना ओळखीचा शेजार, ना देऊळ; खिडकीशीं बसून त्या परतीचें तिकीट कधींचें, एवढेंच विचारीत.

जुलै महिन्यांत ट्रॅव्हर्स सिटीच्या बाजूस आंबट चेरी पिकते. मॉन्टमोरन्सी जातीचें हें फळ तकतकीत लाल, पण इतकें नाजूक कीं बहुतेक पीक गोठवून वा डबाबंद करूनच बाजारांत जातें; ताजें मिळतें तें जेमतेम दोन-तीन आठवडे. सरोवराच्या गारव्यामुळें झाडें उशिरा फुलतात व दंवांतून वांचतात. मात्र २०१२ सालीं मार्चमध्येंच ऊन तापलें, बहर आधीं आला आणि मागाहून पडलेल्या हिंवानें जवळजवळ सारें पीक बुडालें.

एके वर्षीं आम्ही बादलीभर चेरी आणली. सासूबाईंनीं एक तोंडांत टाकली. "करवंदासारखी आंबट आहे, म्हणजे कामाची आहे," असें म्हणून त्यांनीं अंबाड्यांतला आंकडा काढला, धुतला आणि देठाच्या जागीं खुपसून बी अलगद बाहेर काढली. घटकाभरांत परात भरली.

या फळाचा ‘पाय’ करतात हें ऐकून त्या किती दिवसांनीं मनमुराद हंसल्या! मैदा, लोणी व थंड पाणी यांची पारी. अंडें नाहीं, म्हणून त्यांसही चाले. आमचा पाय मात्र दरवेळीं कापतांच वाहून जाई. त्यांनीं दोष ओळखला: साखरेनें फळास रस सुटतो, तो आधीं दाट केला पाहिजे. पांच वाट्या चेरीस सव्वा वाटी साखर लावून तासभर ठेवली. सुटलेल्या रसांत पाव वाटी कॉर्नफ्लॉवर कालवून तो शिजवला व निवल्यावर फळांत मिसळला. खालीं एक पारी, वर वाफेसाठीं चिरा पाडलेली दुसरी. ओव्हनमध्यें २०० अंशांवर पाऊण तास. पुढें चार तास त्यांनीं सुरी लावूं दिली नाहीं. फोड अखंड निघाली.

उरलेल्या चेरीचा मुरांबा झाला. आम्ही त्यांस विश्रांति देत होतों आणि त्या विश्रांतींत त्या पाहुण्या होऊन बसल्या होत्या, हें आम्हांस तेव्हां उमगलें. त्या रात्रीं तिकिटाचा विषय निघाला नाहीं. बरणीस दादरा बांधतांना त्या एवढेंच म्हणाल्या, "सूनबाई, पुढच्या वर्षीं दोन बादल्या आण हो."