उन्हाचा जमाखर्च

इमारतीतील उष्णता, वारा आणि आर्द्रता यांचा हिशेब मांडणे हा माझा गेल्या तीस वर्षांचा व्यवसाय आहे. आणि हा हिशेब नकाशावर जितका निर्दोष जमतो तितकाच तो, कुटुंब आत राहावयास आल्यावर, चुली पेटल्यावर आणि पाहुणे आल्यावरही जमलेला राहतो, असे मी क्वचितच पाहिले आहे. म्हणूनच 2002 साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण हिरवळीवर विद्यापीठांच्या 14 संघांना आपापली घरे प्रत्यक्ष उभी करावयास लावून ‘सोलर डेकॅथलॉन’ ही स्पर्धा भरविली आणि पुढे तिची नियमावली माझ्या हाती आली, तेव्हा आपल्या शास्त्रातील एक जुनी उणीव कोणीतरी ओळखली याचे मला फार समाधान वाटले. घर सूर्याच्याच ऊर्जेवर चालले पाहिजे ही तिची पहिली अट सर्वांना ठाऊक आहे; परंतु माझ्या मते तिचे खरे मोल दुसऱ्याच अटीत आहे, आणि ती अट अशी की, घराची परीक्षा त्यात संसार मांडून व्हावी.

दशविध मैदानी स्पर्धांवरून नाव घेतलेल्या या परीक्षेच्या दहा कसोट्या वेळोवेळी बदलत गेल्या. 2011 साली त्या प्रत्येकी 100 गुणांच्या होत्या आणि त्यांत वास्तुरचना व अभियांत्रिकी यांच्याच पंक्तीला गरम पाणी, घरगुती उपकरणे, खोलीतील सुखावहता आणि शेजाऱ्यांना दिलेले भोजन यांनाही मान होता. टॉवेल धुवावयाचे आणि त्यांचे वजन धुण्यापूर्वी होते तितके परत येईपर्यंत वाळवावयाचे, असा एक नियम होता. वाळविण्याची रीत मात्र बांधून दिलेली नव्हती, त्यामुळे वीज जाळणारे यंत्र आणि अंगणातील दोरी यांना नियमाच्या दृष्टीने सारखाच दर्जा मिळाला, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते.

पाण्यासंबंधीच्या दोन कसोट्यांपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. स्नानाच्या पाण्याची कसोटी अशी की, ठरलेल्या वेळी नळ सोडताच दहा मिनिटांच्या आत सुमारे 57 लिटर, म्हणजे तीन-चार बादल्या, पाणी निदान 43 अंश सेल्सिअस इतके उष्ण मिळावे. आणि स्वयंपाकाची कसोटी अशी की, सव्वादोन लिटरांहून किंचित अधिक पाणी शेगडीवर ठेवून दोन तासांच्या मुदतीत त्याची वाफ करून दाखवावी. या दोहोंना लागणारी उष्णता मोजली, तर 57 लिटर पाणी 20 अंशांवरून 43 अंशांवर नेण्यास सुमारे दीड युनिट, आणि तेवढेसे सव्वादोन लिटर पाणी आटविण्यास त्याहून थोडी अधिक, 1.6 युनिट, असा हिशेब निघतो. पाणी तापविणे स्वस्त आणि आटविणे महाग, हे ज्या घरात बासुंदीसाठी दूध आटविले जाते त्या घराला कोणी शिकवावयास नको. परंतु ऊष्मागतिकीच्या परीक्षेत गुप्त उष्णतेची व्याख्या मुखोद्गत लिहिणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे भांड्यापाशी उभे राहून कळलेले असते?

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही, कारण भांड्यातून निघालेली वाफ कुठे तरी जावयास हवी. ती खोलीतच राहिली तर हवेची सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत आणि तापमान साधारण 22 ते 24 अंशांच्या दरम्यान राखण्याची जी स्वतंत्र कसोटी आहे तिचे गुण जातात. पंखा लावून ती बाहेर काढली तर तिच्याबरोबर कष्टाने थंड केलेली हवाही जाते आणि तितकीच बाहेरची, न कमावलेली हवा फटींतून आत येते. रात्री भोजनाला आठ पाहुणे आले की प्रत्येकाच्या देहातून सुमारे 100 वॉट उष्णता निघते, म्हणजे एक शेगडीच घरात पेटविल्यासारखे होते. ज्याने स्वयंपाकघर आखले, ज्याने शीतयंत्र निवडले आणि ज्याने खिडक्यांच्या दिशा ठरविल्या, त्या तिघांना एका मेजाभोवती बसणे इथे भागच पडते. आपल्याकडे या तिघांच्या इमारती वेगळ्या, वेळापत्रके वेगळी आणि परीक्षकही वेगळे असतात. चौथ्या वर्षाचा प्रकल्प-अहवाल जाड कागदात बांधून दफ्तरी दाखल झाला की कर्तव्य संपते, हे मी अध्यापनाच्या काळात दर वर्षी पाहिले आणि दर वर्षी खेदाने पाहिले.

पहिल्या तीन स्पर्धांत घरांना शहराच्या वीजवाहिनीचा आधार नव्हता. दिवसा साठविलेल्या विजेवर रात्र काढावयाची, आणि उरेल तिच्यावर विजेची मोटार जितकी धावेल तितकी धाववावयाची. 2005 साली स्पर्धेच्या दिवसांत आकाश बहुतांशी मेघाच्छादित राहिले, आणि शिलकीतील प्रत्येक युनिट पाण्याला द्यावे, दिव्याला द्यावे की मोटारीला, याचा निर्णय विद्यार्थ्यांना रोजच्या रोज, काटकसरी गृहस्थाप्रमाणे करावा लागला. त्या वर्षीही, 2002 प्रमाणेच, कोलोरॅडो विद्यापीठ अव्वल ठरले. 2009 पासून घरे वीजवाहिनीला जोडली गेली आणि परीक्षा ताळेबंदाची झाली: जितकी वीज घेतली तितकी तरी परत दिली पाहिजे.

ताळेबंद आला की जमेची बाजू फुगविण्याचा मोह येतो. जर्मनीतील डार्मश्टाट येथील तांत्रिक विद्यापीठाने 2007 पाठोपाठ 2009 सालीही विजय मिळविला, तो छपराबरोबर भिंतींनाही सौरपट्ट्यांचे कवच चढवून, सुमारे 11 किलोवॅट क्षमतेच्या बळावर. त्या घराच्या भिंतींत निर्वात उष्णतारोधक फलक होते, दिवसाची उष्णता वितळून शोषणारे पदार्थ होते, आणि त्यांमागील अभ्यासाविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. तरीही ज्या घराला आपली गरज भागविण्यासाठी चहूबाजूंनी वीज निर्माण करावी लागते, ते सामान्य माणसाच्या ऐपतीचे उत्तर नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. संयोजकांनाही ही अडचण जाणवली असावी, कारण 2011 साली त्यांनी परवडण्याची कसोटी घातली आणि अडीच लक्ष डॉलर किंवा त्याहून कमी खर्चाच्या घरालाच तिचे पूर्ण गुण देण्याचे ठरविले.

युरोपातील आवृत्ती 2010 मध्ये माद्रिद येथे सुरू झाली, आणि 2014 साली ती व्हर्सायला, सूर्यराजा म्हणविणाऱ्या चौदाव्या लुईच्या राजवाड्याच्या परिसरात भरली, तेव्हा सौरपट्ट्यांच्या क्षमतेवर 5 किलोवॅटची मर्यादा घालण्यात आली. या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत विचारी नियम मी यालाच म्हणेन. जमेची बाजू बांधून टाकल्याबरोबर सर्वांची बुद्धी खर्चाच्या बाजूकडे, म्हणजे भिंत, सावली, वायुवीजन आणि राहणीची शिस्त यांकडे वळली. याच व्हर्सायमध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी रचना संसदच्या वास्तुविद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसह ‘शून्य’ या नावाने उतरले होते. भारतातून या स्पर्धेत पोहोचलेला तो पहिला संघ. पवईत आखलेले घर फ्रान्सच्या उन्हात उभे करणे ही केवळ वाहतुकीची बाब नव्हती. एका हवामानासाठी योजलेल्या भिंतींना दुसऱ्या हवामानात साक्ष द्यावी लागणार होती, आणि हा प्रसंग माझ्या व्यवसायातील कोणालाही अंतर्मुख करणारा आहे.

कारण सुखावहतेचे जे माप वॉशिंग्टनमध्ये ठरले ते आमचे नव्हे. जून महिन्यातील मुंबईच्या हवेतून आर्द्रता 60 टक्क्यांखाली आणावयाची तर बाष्पाचे पाणी करण्यातच विजेचा मोठा वाटा खर्ची पडेल. उलट माझ्या आजोळी, राजापूरजवळच्या जांभ्या दगडाच्या कौलारू घरात, वैशाखातील दुपारी माजघराचा गारवा आणि पडवीतून फिरणारा वारा यांच्या आधाराने माणसे समाधानाने पडत, आणि त्या खोलीतील पारा 24 अंशांवर असणे शक्यच नव्हते. सवयीच्या हवामानाप्रमाणे माणसाची सुखाची कक्षा बदलते, हे आता शास्त्रानेही मान्य केले असून राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत त्या तत्त्वावर बेतलेली भारतीय पद्धत समाविष्ट झाली आहे. मात्र कचेऱ्यांतील यंत्रांवर आजही 22 चा आकडा लावलेला आढळतो, आणि मे महिन्यात कर्मचारी शाली पांघरून बसतात.

भारतातही 2020 पासून ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’ ही स्पर्धा भरते. तीत विद्यार्थ्यांचे संघ खरोखर बांधल्या जाणार असलेल्या इमारतींच्या मालकांबरोबर बसून आराखडे तयार करतात. मालकाच्या खर्चाची आणि जागेची अडचण त्यामुळे विसाव्या वर्षीच समजते, आणि हा लाभ थोडा नव्हे. मात्र घर उभारून त्यात राहून पाहणे साऱ्यांनाच साधणार नाही, हे मी जाणतो. तेवढा पैसा आणि तेवढी जमीन किती महाविद्यालयांपाशी आहे?

परंतु एका खोलीपुरते ते साधता येईल. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि वास्तुविद्या महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना माझी विनंती आहे की, येत्या वर्षी त्यांनी आपल्या आवारातील एक खोली विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावी, छपराला सावली, भिंतीला चुना, खिडकीला झडप असे जे बदल त्यांना सुचतील ते करू द्यावेत, आत एक तापमापक, एक आर्द्रतामापक आणि एक वीजमापक लावावा, आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत त्यांची रोजची नोंद करून घ्यावी. अहवालाचे गुण त्या नोंदवहीवरून द्यावेत.