वायू मुरेपर्यंत

देवस्थानच्या उत्सवाचे वृत्त आणि सप्ताहाची कार्यक्रमपत्रिका ज्या मासिकात वाचावयाची, त्याच मासिकात बिअरच्या पिंपाची हकीकत छापून यावी, हे काही वाचकांस रुचणार नाही. ती लिहिताना आम्हांसही संकोच होतो. आमच्या घरात दारू हा शब्द आजही हलक्या आवाजात उच्चारला जातो, आणि त्यास कारण आहे. आमचे वडील फेणीपायी गेले. त्यांच्या अखेरच्या आठ वर्षांत एक कुळागर गेले, मातोश्रींच्या पाटल्या गेल्या, आणि पाहुण्यांचे येणे-जाणेही थांबले. सायंकाळी अंगणात त्यांची पावले वाजली की आम्ही दोघे भाऊ पुस्तके मिटून माडीवर जात असू. त्यांचे दिवसकार्य आटोपल्यावर मातोश्रींनी आम्हां दोघांस तुळशीपाशी उभे केले आणि म्हटले, "या घरात ती वस्तू पुन्हा येता कामा नये." आम्ही दोघांनी वृंदावनावर हात ठेवून होकार दिला. आम्ही त्या वेळी कायद्याच्या पहिल्या वर्षास होतो. धाकटा शाळेत होता.

पुढे आम्ही वकिली मांडली. धाकटा अभियंता झाला, इंग्लंडात गेला आणि लीड्स शहरी स्थायिक झाला. सुमारे नऊ वर्षांपूर्वी त्याने घरची काही छायाचित्रे धाडली. त्यांतील एकात तो आपल्या गॅरेजमध्ये एका चकचकीत पोलादी पिंपाशेजारी उभा होता, आणि त्याच्या हाती सोनेरी पेयाचा फेसाळ पेला होता. बिअर त्याने घरीच बनविली होती, हे त्याने मोठ्या अभिमानाने लिहिले होते. आम्ही त्याच रात्री उत्तर लिहिले. ते भावाचे पत्र नव्हते, वकिलाची नोटीस होती. मुद्द्यांस क्रमांक घातले होते, आणि शेवटच्या मुद्द्यात वडिलांचे नाव होते. त्या पत्रास उत्तर आले नाही. त्यानंतर त्याचा दूरध्वनी येई तो मातोश्रींस. "दादा बरा आहे ना?" असे तो विचारी, आणि "बरा आहे" असे त्या सांगत. आम्ही त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसलेलो असू.

सन २०२४ च्या मे महिन्यात न्यायालयास सुटी लागली, तेव्हा मातोश्रींनी आम्हांस लीड्सला जाण्याची आज्ञा केली. आज्ञाच ती, विचारणा नव्हे. पेटीत कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि एवढेच सांगितले, "त्याच्या घरी वाद घालू नकोस."

पहिले चार दिवस आम्ही दोघे परक्या माणसांप्रमाणे सभ्यतेने वागलो. हवेविषयी बोललो, आंब्यांविषयी बोललो. गॅरेजचे दार लावलेले होते, आणि त्याविषयी कोणीच काही बोलले नाही. पाचव्या दिवशी सकाळी धाकट्याची पाठ धरली. त्यास उठवेना. भावजय इस्पितळात कामावर गेलेली. दुपारी तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "दादा, गॅरेजमध्ये एक काम अडून राहिले आहे. तुला चालणार नसेल तर राहू दे."

वाद घालू नकोस, ही आज्ञा आमच्या ध्यानात होती. आम्ही धोतर खोचावे तसा पायजमा वर खोचला आणि गॅरेजमध्ये गेलो. धाकटा भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आला आणि तेथेच खुर्ची टाकून बसला. आमचा पहिला प्रश्न वकिलाचाच होता: "याला परवाना लागत नाही?" तो हसला, त्या मुक्कामात प्रथमच हसला. इंग्लंडात १८८० सालच्या कायद्याने घरी बिअर करणाऱ्यास परवाना घ्यावा लागे; १९६३ साली तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते बंधन उठविले. घरापुरती करावी, विकू मात्र नये, असा तेथील नियम. आमच्या गोव्यात १९६४ च्या अबकारी कायद्याखाली परवान्यावाचून मद्य बनविणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी उत्साहाने पिंप मांडल्यास त्याचे वकीलपत्र घेण्यास आम्ही बांधलेले नाही.

काम असे होते. जवास मोड आणून, भाजून, त्याचा गोड काढा करावयाचा. तो हॉप्स नावाच्या वेलीच्या कडसर फुलांसह उकळावयाचा. निवल्यावर त्यात यीस्ट घालून आंबू द्यावयाचा. हे सारे आम्ही येण्यापूर्वीच झाले होते. आंबण्याची क्रिया संपून पेय एका झाकणबंद बादलीत शांत पडून होते. आता ते पिंपात भरावयाचे आणि त्यात वायू मुरवावयाचा. पिंप एकोणीस लिटरांचे. तसली पिंपे मुळात शीतपेयांच्या पाकासाठी बनविलेली. त्या धंद्याने त्यांचा वापर सोडल्यावर घरी बिअर करणाऱ्यांनी ती उचलली. वर लंबगोल झाकण, त्याखाली रबरी कडे, आणि दोन तोंडे. एकातून वायू आत जातो. त्याची नळी आखूड. दुसऱ्यातून पेय बाहेर येते. त्याची नळी थेट तळापर्यंत पोचलेली. वायूने वरून दाबले की पेय तळातून वर चढते, अशी ती योजना.

धाकटा खुर्चीवरून सांगे आणि आम्ही करू. प्रथम पिंप धुतले, मग निर्जंतुक केले. देवघरातील तांब्याही आम्ही कधी इतक्या निगुतीने घासला नव्हता. मग रिकाम्या पिंपात कार्बनचा वायू सोडून आतील हवा बाहेर काढली, कारण हवेतील प्राणवायू लागला की बिअर विटते. बादली मेजावर, पिंप जमिनीवर, आणि मध्ये नळी. पेय आवाज न करता खाली उतरले. झाकणाभोवती साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. बारीकशी गळती राहिली तर रातोरात सारा सिलिंडर रिता होतो. गॅरेजचे दार मात्र उघडे ठेवावे, असे त्याने दोनदा बजावले. हा वायू दिसत नाही, हवेहून जड असतो आणि कोंडलेल्या जागेत तळाशी साचून माणसाचा श्वास कोंडवितो. शेवटी भरलेले पिंप, सुमारे तेवीस किलो वजनाचे, आम्ही कवेत घेऊन जुन्या फ्रिजमध्ये ठेवले. तुळशीपाशी शपथ घेतलेले ते हात! त्या क्षणी मनात जे आले ते येथे लिहीत नाही.

रेग्युलेटरचा काटा धाकट्याने बारावर ठेवावयास सांगितला. म्हणजे दर चौरस इंचास बारा पौंड दाब. फ्रिजचे तपमान चार अंश सेल्सियस. "आता दहा-बारा दिवस हात लावायचा नाही," तो म्हणाला. थंड पेयात वायू अधिक विरघळतो, आणि जितका दाब तितका वायू, हा नियम शेजारच्या मँचेस्टर शहरी विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडला. बारा पौंड दाब आणि चार अंश तपमान असले की पेय आपल्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू सामावून घेते आणि तेथेच थांबते. त्याहून अधिक ते घेणार नाही, कमीही नाही. वेळ मात्र लागतो. कारण वायू वरच्या पृष्ठभागातून हळूहळू खाली झिरपतो.

दहा-बारा दिवस ही मुदत आम्हांस पटली नाही. न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा घेणारे आम्ही. परंतु घरी आलो की आम्हांस धीर नसतो. त्या शनिवारी धाकट्याचे शेजारी येणार होते. पाहुण्यांपुढे त्याची शोभा व्हावी, आणि ती आमच्या हातून व्हावी, असे आमच्या मनाने घेतले. त्याच्या एका पुस्तकात शीघ्र उपाय दिला होता: दाब तीसवर न्यावा आणि पिंप हलवावे. तो निजलेला असताना आम्ही दाब तीसवर नेला, पिंप आडवे घेतले आणि पाळणा हलवावा तसे बराच वेळ हलविले. किती वेळाने थांबावे हे पुस्तकात दिले होते. तेवढे मात्र आम्ही वाचले नव्हते.

शनिवारी तोटी उघडली. पेल्यात फेस, दुसऱ्या पेल्यात फेस, पातेल्यातही फेसच. पांढऱ्या फेसाचा लोट मेजावरून जमिनीवर उतरला आणि पाहुण्यांच्या पायांपर्यंत गेला. दाबाने कोंबलेला वायू दाब सुटताच एकदम बाहेर पडतो, आणि पेयही सोबत नेतो. पाहुणे भले होते; त्यांनी हसून चहा घेतला. ते गेल्यावर आम्ही धाकट्यापाशी अपराध कबूल केला. तो रागावला नाही. त्याने वायूची नळी काढली, झाकणावरची झडप उचलून थोडा वायू जाऊ दिला आणि पुन्हा मिटली. आम्ही विचारले, "सगळाच आता सोडून दे ना?" त्यावर लहानपणी आई आम्हां दोघांस जसे म्हणे तसे तो म्हणाला, "दादा, मातशें राव." अधिक झालेला वायूही घाईने निघत नाही. थोडा सोडावा, थांबावे, पुन्हा थोडा सोडावा. दोन दिवस लागतात.

त्या दोन दिवसांत केव्हातरी, फ्रिजपाशी उभे असताना, त्या पत्राचा विषय निघाला. तो आम्हीच काढला. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईने 'या घरात' असे म्हटले होते. पण ते मी पळवाट म्हणून सांगत नाही. मी बाबांसारखा पितो का, एवढे तू विचारले असतेस तर मी सांगितले असते. तू विचारले नाहीस."

फळीवर एक वही होती, ती त्याने दाखविली. प्रत्येक पिंपाची तारीख, तपमान, दाब. आणि शेवटच्या रकान्यात त्याने स्वतः घेतलेल्या पेल्यांची नोंद. शनिवारी एक, क्वचित दोन. अनेक शनिवार कोरे. अशी वही माणूस उगाच ठेवीत नाही. आमच्याप्रमाणेच त्याच्याही कानांत अंगणातील ती पावले अजून वाजत होती, हे आम्हांस त्या रकान्याने सांगितले; नऊ वर्षांत ते आमच्या लक्षात आले नव्हते.

शब्दाचा अर्थ काटेकोर लावावा, जो शब्द दस्तऐवजात नाही तो तेथे घालू नये, हे आम्ही पक्षकारासाठी नित्य सांगतो. भावाच्या बाबतीत मात्र आम्ही मातोश्रींच्या एका वाक्यात नसलेले सात समुद्र घातले आणि त्यास ऐकून न घेता निकाल दिला. मद्याविषयीचे आमचे मत बदलले, असा याचा अर्थ कोणी करू नये. त्या पिंपातील एक थेंबही आम्ही चाखला नाही, आणि धाकट्यानेही आग्रह केला नाही. जे आमच्या घरात एकदा घडले ते दुसऱ्या घरात एका शनिवारच्या पेल्यापासून घडणारच नाही, अशी हमी कोणता वकील देईल? परंतु आरोप करणे आणि विचारणे यांत अंतर आहे, एवढे आम्ही शिकलो.

धाकट्याची पाठ सुधारल्यावर तो आम्हांस शहराच्या चौकात घेऊन गेला. तेथे १९०३ साली जोसेफ प्रीस्टली यांचा पुतळा उभारला आहे. हे धर्मोपदेशक १७६७ साली लीड्सला आले आणि एका मद्यशाळेशेजारी राहू लागले. आंबणाऱ्या बिअरच्या हौदावर एक जड वायू तरंगत असतो, हे त्यांनी पाहिले. त्या वायूत धरून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतले असता ते चवीस खुसखुशीत लागते, असे त्यांस आढळले, आणि १७७२ साली त्यांनी ती कृती छापली. आपल्या जत्रेत देवदर्शन झाल्यावर मुले जो गोटी सोडा पितात, त्याचा मूळपुरुष असा बिअरच्या हौदावर जन्मला आहे! कोणती वस्तू कोठून आली आणि कोठे जाऊन पावन झाली, याचा हिशोब आम्ही तरी आता मांडीत नाही.

परतण्यापूर्वीच्या आठवड्यात दुसरे पिंप रिकामे होते. त्यात आम्ही नुसते पाणी भरले. सोड्यास बिअरहून अधिक वायू लागतो, म्हणून काटा तीसवर ठेवला. परंतु या खेपेस पिंप हलविले नाही. सहाव्या दिवशी चार पेल्यांत मातोश्रींचे आगळ, साखर आणि चिमूटभर जिरेपूड घालून त्यावर तो सोडा हळूहळू ओतला. भावजयीने घेतला, पुतणीने दोनदा मागून घेतला. आम्ही दोघे भाऊ गॅरेजच्या पायरीवर बसून प्यालो. फार बोलणे झाले नाही. तेथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तो जाईपर्यंत बसलो.

घरी आल्यावर मातोश्रींनी पेटी उघडण्यापूर्वीच विचारले, "भांडला नाहीस ना?"

"नाही," आम्ही म्हणालो.

"आगळ पुरले?"

"पुरले नाही. त्याने आणखी मागितले आहे. डिसेंबरात स्वतःच न्यायला येतो म्हणाला."

त्या काही बोलल्या नाहीत. उठून कोठीत गेल्या, आणि बाटल्या मोजू लागल्या.