लाकडाचा राजवाडा

कन्याकुमारीला गेलात तर तासाभरावरचं पद्मनाभपुरम चुकवू नका. राजवाडा म्हटला की आपल्याला संगमरवर नि घुमट आठवतात. इथे मात्र सगळं लाकूडकाम! पाऊस धो धो, म्हणून छपरं कौलारू आणि चांगली उतरती. त्रावणकोरच्या मार्तंड वर्मा राजाने १७५०च्या सुमारास हा वाडा नव्याने बांधून घेतला.

जमीन नीट बघा हं. करवंट्यांचा कोळसा, चुना आणि अंड्यातला पांढरा बलक घोटून ती केली, असं सांगतात. अजून आरशासारखी चमकते! म्हणून चपला बाहेरच काढायच्या. भोजनशाळेत हजार पानांची पंगत बसे.

१७९५मध्ये राजधानी तिरुवनंतपुरमला गेली. १९५६मध्ये हा मुलूख मद्रास राज्यात, म्हणजे आजच्या तमिळनाडूत आला. राजवाडा मात्र अजूनही केरळ सरकारच सांभाळतं!