ऑनसाइट

शनिवारी त्याला घेऊन मुळशीला गेलो. हट्ट त्याचाच. धरणाचं पाणी दिसलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. चार वर्षांपूर्वी त्याने इथेच सूर मारला. पाणी जेमतेम कमरेएवढं. मानेतल्या सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जू गेला. "मार रे, खोल आहे!" असं ओरडणारा मीच.

आता कोपर वाकतं, मनगट वर उचलतं, बोटं मात्र हलत नाहीत. मनगट उचललं की ती आपसूक थोडी मिटतात, त्या जोरावर साहेब चहाचा कप दोन्ही हातांत धरतात. पण किल्ली, पेन, एटीएम कार्ड? छे.

सर्जन म्हणतात, कोपर वाकवायला तीन स्नायू असतात, म्हणजे एक स्पेअर! त्याचा टेंडन, म्हणजे टोकाची दोरी, सोडवून अंगठा वाकवणाऱ्या टेंडनला शिवायचा. अंगठ्याची चिमूट परत येते. स्वीडनच्या एरिक मोबर्ग यांच्या १९७५ च्या पेपरनंतर अशा हातांवरच्या शस्त्रक्रिया रुळल्या. त्याच्याही आधी, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांत टेंडन असेच फिरवत होते. (आम्ही याला रीराउटिंग म्हणून बिल लावलं असतं.)

मग घोडं अडलंय कुठे? महिनाभर प्लॅस्टर. आत्ता जे स्वतःचं स्वतः जमतं तेही बंद.

"परत आईने भरवायचं? नको."

"मी येतो ना महिनाभर," मी बोलून गेलो.

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "ऑनसाइट कॅन्सल करशील?"

मॅनेजरला मेल लिहून ठेवलीय. ड्राफ्टमध्येच आहे अजून.