बिनबर्फाची घसरगुंडी

लँकेशायर हे नाव मराठी घरांना परके नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला ते धोतरजोडीवरच्या शिक्क्यामुळे ठाऊक होते, आणि परदेशी कापडाच्या होळीमुळे अधिकच ठाऊक झाले. 1931 साली गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी मुद्दाम या परगण्यात आले, आणि बहिष्काराची झळ ज्यांना पोचली होती त्याच गिरणी-मजुरांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले, हेही आपण शाळेत वाचलेले असते. तेव्हा लँकेशायर म्हटले की गिरण्या, धुरांडी, सूत आणि पाऊस, एवढे चित्र मनाशी घेऊन मी तिथे गेले. त्यातला पाऊस तेवढा अजून पूर्वीसारखा चालू आहे.

माझी धाकटी बहीण या परगण्याच्या पूर्वेकडच्या भागात राहते. मेहुणे तिथल्या इस्पितळात डॉक्टर. गाव दगडी घरांचे. घरे एकमेकांना खांदा लावून चढावर उभी. जुन्या गिरण्यांतल्या काहींची दुकाने झाली, काहींत बिऱ्हाडे आली. आणि गावाच्या कोणत्याही गल्लीच्या टोकाशी उभे राहिले की समोर पेंडल नावाचा लांबट, सपाट माथ्याचा डोंगर. डोंगर म्हणायचे ते तिथल्या लोकांचा मान राखायला. त्याची उंची 557 मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईचा तिसरा हिस्सा. पण रुबाब मोठा. 1612 साली याच डोंगराच्या आसपासच्या बायकापुरुषांवर चेटकाचा आरोप ठेवून खटला चालला आणि त्यातल्या बहुतेकांना फाशी झाली. त्या चेटकिणींच्या नावावर आज बिस्किटे आणि चहाच्या किटल्या विकल्या जातात.

या डोंगरावर बर्फ पडत नाही असे नाही. पडतो, पण सकाळी पडलेला दुपारपर्यंत टिकला तर गावात बातमी होते. अशा या पाणथळ, करड्या मुलुखातल्या एका मुलाने 22 जानेवारी 2022 रोजी ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूल येथे बर्फावरची विश्वचषकाची शर्यत जिंकली! डेव्ह रायडिंग हे त्याचे नाव. वय त्या दिवशी 35. अल्पाइन स्कीइंगच्या विश्वचषक शर्यतीत ब्रिटनचा हा पहिलाच विजय. ज्यांच्या अंगणात सहा महिने बर्फ असतो अशा देशांच्या खेळाडूंना मागे टाकणारा हा गृहस्थ स्की शिकला तो आल्प्समध्ये नव्हे. पेंडलच्या कुशीतल्या प्लास्टिकच्या उतारावर.

“प्लास्टिकच्या?” मी बहिणीला दोनदा विचारले.

“अगं, तुझी भाचीही तसल्याच उतारावर शिकते,” ती म्हणाली. “शनिवारी चल, म्हणजे कळेल.”

शनिवारी बारीक भुरभुर चालू होती. मला वाटले, आज काही जमायचे नाही. दहा वर्षांची भाची मात्र खुशीत. “मावशी, पाऊस असला की छान घसरतं!” असे म्हणून तिने माझ्या हाती जाड हातमोजे कोंबले. टेकडीच्या उतारावर एक लांबच लांब करडा पट्टा अंथरलेला होता. दुरून पाहिले तर कुणी अवाढव्य पायपुसणे धुऊन वाळत घातले आहे असे वाटावे. त्यावरून पायांना लांब पट्ट्या बांधलेली पोरे सरसर खाली येत होती, आणि एका दोराला धरून पुन्हा वर जात होती. बर्फाचा कण नाही. बाजूला हिरव्या गवतात मेंढ्या चरत होत्या, आणि त्यांना या प्रकाराचे मुळीच आश्चर्य नव्हते.

पायपुसण्याची उपमा मला सुचली ती अगदीच वावगी नव्हती, हे थोड्याच वेळात कळले. ब्रिटनमध्ये असे उतार 1960 नंतरच्या दशकात वाढू लागले; एडिंबरोजवळच्या हिलेंडचा मोठा उतार त्याच काळातला. पुष्कळ ठिकाणी जो बिछाना वापरला गेला तो वेल्समधल्या चेपस्टो गावच्या ब्रश करणाऱ्या कारखान्याचा. धातूच्या पट्टीत प्लास्टिकचे ताठ केस बसवायचे, आणि अशा पट्ट्या शंकरपाळ्यांच्या आकारात जोडत न्यायच्या. स्कीची कड त्या केसांत रुतते, वळण घेता येते. सोय झाली, पण शंकरपाळ्याच्या मधली जागा मोकळी राहिली. पडणाऱ्याचा हात स्वाभाविकच पुढे जातो, अंगठा त्या मोकळ्या जागेत अडकतो, आणि अंग पुढे घसरत राहते. अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायुबंध त्यामुळे दुखावतो. मेहुण्यांनी असे अंगठे पुष्कळ पाहिले होते. म्हणून इथे मुलांना घसरायला शिकवण्याआधी पडायला शिकवतात. भाचीने मला तिथल्या तिथे पहिला धडा दिला, “मावशी, पडलीस तर मूठ मिटायची आणि अंगठा आत!” पडण्याचा माझा बेत नसल्यामुळे मी नुसतीच मूठ मिटून दाखवली.

उताराच्या पायथ्याशी एक वयस्क गृहस्थ गुडघ्यांवर बसून काहीतरी उचकटत होते. साचे बनवण्याच्या कारखान्यात जन्म घालवून ते निवृत्त झालेले. आता शनिवारी क्लबात येऊन फुकट राबतात. या भागात जुन्या ब्रशाऐवजी एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या फरश्या बसवल्या होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिल्यावर त्यांनी एक फरशी माझ्या हातात दिली. वीतभराहून थोडी मोठी, वजनाला हलकी. वरच्या अंगाला बुटक्या लवचिक दांड्यांची दाट रांग, खाली पाणी निघून जाण्यासाठी जाळी, दोन कडांना खाचा आणि दोन कडांना त्या खाचांत बसणाऱ्या खुंट्या. पाहून मला वाटले, यात काय मोठेसे? न्हाणीघरात घालतात तसली जाळी! मी तसे बोललेही. गृहस्थ हसले आणि म्हणाले, “मग आता मला सांगा, ही उन्हात ठेवली तर काय होईल?”

त्या एका प्रश्नापासून जी शिकवणी सुरू झाली ती तासभर चालली.

प्लास्टिक उन्हाने पसरते. पॉलिइथिलीनसारखे प्लास्टिक तर चांगलेच पसरते. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत 30 अंशांचा फरक धरला, तर शंभर मीटर लांबीचा अखंड पट्टा हातभर वाढेल. वाढलेला हातभर भाग जाणार कुठे? तो मध्येच फुगून वर येणार, आणि वेगाने येणाऱ्या पोराच्या पायाखाली उंबरठा तयार होणार. म्हणून प्रत्येक सांध्यात थोडीशी ढील ठेवावी लागते. दर फरशीने आपले वाढणे आपल्याच सांध्यात जिरवायचे. पण ढील जास्त झाली तर थंडीत फट पडते, आणि फटीत स्कीची कड जाते, किंवा बोट जाते. सैल हवा पण सुटता कामा नये. घट्ट हवा पण आवळता कामा नये. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणालाही हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट उताराची. सपाटीवरची फरशी जिथे ठेवाल तिथे राहते. उतारावरची प्रत्येक फरशी खाली सरकू पाहते, आणि वरून मुले वळणे घेत तिला आणखी खाली ढकलत असतात. म्हणून बिछाना वरच्या टोकाला पक्का बांधतात आणि खालची फरशी वरच्या फरशीला लटकते. शिवाय जिथे दोन फरश्या मिळतात तिथे वरच्या फरशीची कड खालचीपेक्षा केसभर उंच चालेल. खालचीची कड मात्र वर येता कामा नये. वरून येणारी स्की पायरी उतरू शकते, चढू शकत नाही. हे ऐकताना मला आमच्या कोकणातल्या घराचे छप्पर आठवले. 1865 साली बाझेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी मंगळोरी कौले घराघरावर चढली. कौलाचाही नियम हाच: वरच्याने खालच्यावर यायचे, म्हणजे पाणी आत शिरत नाही. तिथे वरून पाणी येते, इथे वरून पोर येते, एवढाच फरक. गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी खिशातला कागद काढून माझ्याकडून कौलाची आकृती काढून घेतली.

तिसरी गोष्ट रांगेची. फरश्यांचे सांधे वरपासून खालपर्यंत एका रेषेत आले, तर ती रेष म्हणजे स्कीला रुळाची वाटच. म्हणून भिंत बांधताना गवंडी जसा सांधा चुकवून वीट ठेवतो तशा फरश्या ठेवायच्या. आणि टेकडी काही टेबलासारखी सपाट नसते. कुठे पोट, कुठे खळगा. फरशी लहान केली तर ती टेकडीचे अंग धरते, पण सांधे वाढतात. मोठी केली तर सांधे कमी होतात, पण खळग्यावर ती अधांतरी राहते आणि पुढेमागे तडकते. पोलादी साचा फार महाग, म्हणून पोटाला एक आणि खळग्याला एक असे लाड परवडत नाहीत. एकाच आकाराने सगळीकडे निभावून न्यायचे.

आणि घसरण्याचे काय? बर्फावर स्की सरकते तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने तळाशी पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा तयार होतो आणि तोच वंगणाचे काम करतो. प्लास्टिक काही वितळून पाणी देत नाही. कोरड्या दिवशी स्कीचा तळ तापतो, खरडला जातो. म्हणून उतारावर बारीक पाण्याचे फवारे सोडतात. भाचीला पाऊस का आवडत होता ते मला आत्ता उमगले. लँकेशायरच्या ज्या दमट हवेत सूत तुटत नसे म्हणून गिरण्या उभ्या राहिल्या, तीच हवा आता या पोरांना फुकटचे वंगण पुरवीत होती.

पण या सगळ्या खटाटोपाचे मोल कशात आहे, ते मला त्या गृहस्थांच्या हातातल्या कामावरून कळले. उताराचा पायथा आधी झिजतो, कारण शिकाऊ मुले तिथेच पाय फाकून थांबतात. अखंड बिछाना असता तर झिजलेल्या दोन वावांसाठी सबंध पट्टा बदलावा लागला असता, आणि तेवढा पैसा वर्गणीवर चालणाऱ्या क्लबाजवळ नसतो. इथे मात्र ते कडेच्या, कोणी न वापरलेल्या फरश्या काढून मध्ये लावीत होते आणि मधल्या झिजलेल्या कडेला नेत होते. आमच्या घरी आजी मधोमध विरलेली चादर उभी फाडायची आणि दोन्ही काठ आत घेऊन शिवायची. तिची चादर आणखी चार वर्षे चालायची. मी हे सांगताच गृहस्थ म्हणाले, “माझी आईही तेच करी. ती गिरणीत मागावर होती.”

असे उतार टिकवणे सोपे नाही. शेफील्ड शहरात 1988 साली उघडलेले मोठे स्की व्हिलेज 2012 च्या आगींनंतर बंद पडले ते पडलेच. बंदिस्त इमारतीत कृत्रिम बर्फ पाडणारी थंडगार दालने निघाली आहेत. बर्फ खरा, पण विजेचे बिल आणि तिकीटही तसेच. प्लास्टिकलाही दोष आहेतच. दांडे झिजतात म्हणजे त्यांचा चुरा कुठेतरी मातीत, ओढ्यात जातो, आणि शेजारी मेंढ्या चरत असतात. गृहस्थांनी ते नाकारले नाही. फरशी जास्त वर्षे टिकली तर चुरा कमी, आणि मोडकी फरशी गोळा करून पुन्हा वितळवता आली तर आणखी बरे, एवढेच ते म्हणाले.

तरीही आल्प्सला जाण्याचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांच्या मुलांना हे उतारच डोंगर आहेत. 2014 साली सोची येथे ब्रिटनला बर्फावरचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारी जेनी जोन्स ही ब्रिस्टलची. तिची सुरुवातही सॉमरसेटमधल्या असल्याच उतारावर झाली. डेन्मार्कसारख्या देशात तर सर्वांत उंच जागाच 171 मीटरची. तिथे 2019 साली कोपनहेगनकरांनी कचरा जाळून वीज आणि ऊब निर्माण करणाऱ्या कारखान्याच्या तिरप्या छपरावर प्लास्टिकचा उतार अंथरला. डोंगर नाही म्हणून हातपाय गाळून बसायचे नाही, असा हा एकूण पंथ आहे.

आम्ही निघालो तेव्हा अंधारू लागले होते. उतारावरचे दिवे लागले. भाची शेवटची म्हणून तीनदा वर जाऊन आली. तिसऱ्या वेळी पायथ्याशी, नुकत्याच बदललेल्या फरश्यांवर, ती सपशेल आडवी झाली. बहीण घाईने पुढे धावली. पोर उठून बसली, आणि आईने विचारण्याआधीच तिने दोन्ही मिटलेल्या मुठी वर करून दाखवल्या. अंगठे आत होते. गृहस्थांनी मात्र आधी खाली वाकून, ती पडली तिथल्या सांध्यावरून बोट फिरवून पाहिले, आणि मग तिला शाबासकी दिली.